पांढरी पाच, काळी पाच

मंगळवार, सप्टेंबर, लोरेन, ओहायो.
व्हेटरन्स हॉलच्या मागचं पार्किंग,
सतरा म्हातारे, दोन ढोल, एक घडीचं टेबल,
टेबलावर दोन डबे उघडे.

एकात एमिल हुडाकचा बिगुल:
दोनच कळा, निकेल उडालेलं,
गळ्याशी डाग दिलेला जुना सांधा.
सूर जी. हार्मोनियमवर दाखवायचा तर पांढरी पाच.
दुसऱ्यात यारित्सा फिगेरोआचा ट्रंपेट,
तीन कळा, चांदीचा मुलामा, हप्ते अजून चालू.
बी फ्लॅट. काळी पाच.

ती आलीय झोल्टन बाकोसच्या जागी.
झोल्टन मार्चमध्ये गेला.
त्याची खुर्ची अजून दर मंगळवारी
कोणीतरी मांडतंच.

एमिल म्हणतो, आमच्याकडे हाच वाजतो.
ती म्हणते, मोठ्या पथकांनी कधीच बदलले,
सूर चोख लागतो, सुटे भाग मिळतात,
शाळेत शिकलेलं फुकट जात नाही.
चोख, म्हणतो एमिल,
आणि दातात अडकलेल्या धाग्यासारखा
तो शब्द जिभेनं चाचपत राहतो.

मग सुटतोच:
अगं, दोन कळांत काही सूर नसायचेच.
तिथं ओठांनी वरचा सूर खाली ओढायचा,
नाही आला तर गप्प राहायचं, शेजारच्यावर सोडून.
झोल्टन आणि मी एक धून दोघांत काढायचो,
दोन भावांनी एक कोट वापरावा तशी.
उन्हात पितळ तापलं की अख्खी रांग चढायची,
पण सगळीच चढायची, त्यामुळे कुणाला कळायचं नाही.
आणि आवाज? मैदानापलीकडे कुंपणाशी
माझी आई उभी असायची, गिरणीतून थेट,
पोलादाची धूळ पापण्यांवर.
तिच्यापर्यंत यायचा तो
कुणी खांद्यानं दार लोटल्यासारखा.

यारित्सा ऐकून घेते.
ट्रंपेटमधली थुंकी डांबरावर झटकते.
म्हणते, एक कागद द्या. दोघं तोच वाचू.

पहिला स्वर. कळ एकही दाबायची नाही.
दोघं फुंकतात.
त्याला वाटतं, हा माझा सा.
तिला वाटतं, हा माझा.
दोघांचंही खरं,
आणि मधे, पिकअप गाड्यांच्या टपांवर,
सा आणि कोमल गंधार,
कागदावर कुणीच न लिहिलेले:
अंधारताना पोराला घरी बोलावणाऱ्या हाकेत
दोन अक्षरांमध्ये असतं तेवढंच अंतर.

ढोलवाला हसतो, चुकलं की रे.
एमिल हात वर करतो. थांब.
पुन्हा.

पुन्हा तेच, तसंच, जरा जास्त वेळ.

पुढच्या ओळीत मात्र सगळं विस्कटतं.
दोघं एकाच जिन्यानं चढतायत,
एक जण तीन पायऱ्या वर,
आणि कोणीच ऐकायला तयार नाही.
मास्तर कानावर हात ठेवतो. बास.

कोण बरोबर, हे कोणी विचारत नाही.
मैदानावर वीस जणांत एकच वेगळा सूर
वेगळाच दिसतो, एवढं सतराही जणांना ठाऊक.
एमिल गाडीकडे जातो, डिकी उघडतो,
बायकोच्या जुन्या शालीत गुंडाळलेला
झोल्टनचा बिगुल घेऊन येतो.
तोंडाचा भाग पुसतो. पुन्हा पुसतो.
घे. घरी नाही न्यायचा, इथंच.

ती घेते. त्याचं वजन तळव्यावर पाहते.
एमिल तिच्या ट्रंपेटच्या डब्याचं झाकण लावतो,
दव पडायला लागलंय म्हणून.

चौथ्या मात्रेला तिची अनामिका उचलली जाते,
तिसरी कळ शोधते,
सापडत नाही,
हवेत तशीच हलत राहते.

तो सूर ह्यात नाहीये, म्हणतो एमिल.
तो मी घेतो.